बारदान वजा

मी तापट माणूस आहे हे आधीच सांगून टाकतो, कारण पुढं ते तुमच्या लक्षात येणारच आहे. एकोणऐंशी साली मी नाशिकच्या लोकसेवा कॉलेजात जिमखान्याचा सर होतो. हजेरीपटावर नाव सावळीराम पगारे, आणि मी पाठमोरा झालो की मुलांच्या तोंडी 'मिरची'. शिकवायचो कबड्डी. आमचं कॉलेज गंगेच्या अलीकडं आणि गोदातीर कॉलेज पलीकडं, पंचवटीत. गोदावरीला आम्ही नाशिककर गंगाच म्हणतो. दोन्ही कॉलेजांच्या मधे पूल, आणि दर फेब्रुवारीत दोघांमधे एक कबड्डीचा सामना. जिंकेल त्याच्याकडं वर्षभर एक लाकडी ढाल राहायची. चार वर्षं ती पलीकडंच होती.

आमच्या ग्रंथालयामागं पूर्वी दगडांचा खड्डा होता. तो मी आणि माझ्या मुलांनी बुजवला. हरसूलच्या काळू भोयेनं, तो आमचा पहिला चढाईपटू, त्याच्या गावाकडून ट्रकभर लाल माती आणवली. ती आम्ही चाळली, भिजवली, अनवाणी पायांनी तुडवली. दोन सुट्ट्या त्यात गेल्या. पुऱ्या जिल्ह्यात असं मऊ मैदान नव्हतं, आणि हे मी फुशारकीनं सांगत नाही. बरं, फुशारकीनंच सांगतो.

त्या वर्षी आमचे प्राचार्य गर्गे यांनी मला केबिनमधे बोलावलं. टेबलावर एक नकाशा होता आणि माझ्या मैदानावर पेन्सिलीनं रेघा मारलेल्या होत्या.

"पगारे, सायकली फार वाढल्यात. स्टँड हवा. ही जागा सोयीची आहे."

"सर, ते मैदान आहे."

"चार वर्षं हरणाऱ्यांचं मैदान," गर्गे शांतपणे म्हणाले. त्यांचा आवाज कधी चढत नसे, हा त्यांचा मोठा दोष. "यंदा ढाल आणा, मी नकाशा फाडतो. नाही आणली तर सोमवारी खडी पडेल."

मी दार आपटून बाहेर आलो. मग परत आत जाऊन 'येतो सर' म्हणालो, कारण नोकरी होती.

त्या दिवसापासून मला अन्न गोड लागेना. सकाळी सहाला मैदानावर, संध्याकाळी सातला मैदानावर. वर्गात दुसऱ्याच सरांचा तास चालू असला तरी मी खिडकीतून काळूला खुणेनं विचारायचो, पाय कसा आहे. आमची सगळी भिस्त दोन पोरांवर होती. चढाईला काळू आणि पकडीला कारभारी गांगुर्डे. कारभारी डाव्या कोपऱ्यात उभा राहायचा. लासलगावजवळच्या एका खेड्यातला, रुंद खांद्यांचा, मितभाषी. चैन फक्त एकच, डोक्यावरचे केस. मानेखाली रुळणारे, तेल लावून मागं वळवलेले. वर्गातली अर्धी मुलं तसे केस वाढवायचा प्रयत्न करत होती. मी त्याला शंभरदा म्हणालो असेन, काप ते. तो खाली बघून हसायचा.

गोदातीरकडं होता वाल्मीक. उंच, लांब हातापायांचा, पाण्यातल्या मासोळीसारखा निसटणारा. चार वर्षांत आम्हाला त्यानंच हरवलं होतं. त्याला धरू शकेल असा एकच माणूस नाशिकमधे होता, तो कारभारी, आणि कारभारीचं एकच दुखणं होतं, ते म्हणजे वजन. ढालीच्या सामन्याचा जुना नियम होता, कुठलाही खेळाडू पंच्याहत्तर किलोच्या वर नको. कारभारी कायम त्या रेघेवर उभा.

आणि सामन्याला आठवडा असताना पठ्ठ्या मावसभावाच्या लग्नाला गावी गेला. लग्नघर, बुंदी, जिलबी, मांडवात आग्रह करणाऱ्या आत्या आणि माम्या. माझ्या डोळ्यांसमोर रात्रंदिवस बुंदीच्या पराती येऊ लागल्या. शेवटी शुक्रवारी मी स्वतःच एसटी पकडून त्याच्या गावी गेलो.

त्याचे वडील गोटीराम एका व्यापाऱ्याच्या कांद्याच्या खळ्यावर मापारी होते. म्हणजे काट्यावर पोतं ठेवलं की वजन करून मोठ्यानं पुकारायचं. तीस वर्षं तेच काम. शेतकरी असो की व्यापारी, गोटीरामांनी पुकारलेल्या आकड्यावर कुणी पुन्हा काट्याकडं बघत नसे. मापाऱ्यांच्या रीतीप्रमाणं पहिल्या मापाला ते 'एक' म्हणत नसत, 'लाभ' म्हणत. मी गेलो तेव्हा ते काट्यापाशीच होते.

"दादा, आधी तुमचा माल तोला," मी कारभारीकडं बोट दाखवलं.

हमाल हसले. कारभारी सदरा काढून काट्यावर उकिडवा बसला, पोत्यासारखाच. गोटीरामांनी दांडीवरचं वजन सरकवलं, डोळे बारीक केले आणि खळंभर ऐकू जाईल असं पुकारलं, "चौऱ्याहत्तर आठशे."

दोनशे ग्रॅम शिल्लक. माझ्या जिवात जीव आला. कारभारीची आई रंगूबाई हिच्या हातची बुंदी मग मीच दोनदा घेतली. निघताना गोटीराम म्हणाले, "सर, रविवारी खळं बंद हाय. जमलं तर येतो म्या खेळ बघाया. कधी पाह्यला नाय पोराचा खेळ."

"या की," मी म्हणालो, आणि विसरून गेलो.

रविवारी सामना चारला, गोदातीरच्या मैदानावर. वजनं एक ते तीन. तीनला वही बंद. वाण्याकडून आणलेला दांडीचा काटा मांडवात ठेवला होता आणि शेजारी पंच बसले होते. आमची मुलं एकेक करून गेली, पास झाली. कारभारी चढला. पंचांनी वजन सरकवलं, परत सरकवलं, आणि चष्मा वर करून म्हणाले, "पंच्याहत्तर आठशे."

मी हसलो. मला वाटलं, पंचांना चष्मा बदलायला झालाय. मग मी स्वतः बघितलं. दांडी बोंबलत होती.

त्यानंतर मी जे बोललो ते लिहिण्यासारखं नाही. काटा खोटा आहे, वाणी खोटा आहे, गोदातीरची जमीनच वाकडी आहे, असं सगळं. पंचांनी न बोलता पाच किलोचं माप काट्यावर ठेवलं. बरोबर पाच. गोदातीरचे सर चिमाजी आहेर खुर्चीत बसून शेंगा खात होते. ते सटाण्याकडचे, बोलण्यात अहिराणी डोकावणारे, माझ्याहून दहा वर्षांनी मोठे, आणि चार वर्षं जिंकलेल्या माणसाला परवडेल इतके शांत.

"पगारे, काट्यावर काय रागावतोस? त्याला कुठलं कॉलेज शे?" ते म्हणाले आणि मला शेंगा पुढं केल्या.

सव्वा वाजला होता. पावणेदोन तासांत आठशे ग्रॅम. काळूनं कुठूनतरी घोंगडी आणली. कारभारीच्या अंगात दोन स्वेटर, वर घोंगडी, तोंडात चिंचेचं बुटुक, म्हणजे लाळ सुटेल आणि ती थुंकता येईल. पाण्याचा थेंब नाही. मैदानाला फेऱ्या, मग घाटाच्या पायऱ्या चढायच्या उतरायच्या, मग परत फेऱ्या. काळू त्याच्या बरोबरीनं पळत होता, काही गरज नसताना, नुसती सोबत म्हणून. मी मधे उभा राहून ओरडत होतो. सोमवारी खडी पडेल, एवढंच माझ्या डोक्यात होतं. कारभारी एकदा ओकला. मी म्हणालो, "छान, तेवढंच कमी झालं." आज आठवलं की लाज वाटते, पण मी तसं म्हणालो.

दोन वीसला वजन केलं. पंच्याहत्तर किलो दीडशे ग्रॅम.

आता घाम निघेना. अंग कोरडं पडलं होतं, ओठ पांढरे. परत पळवला असता तर खेळायला उरलाच नसता. मी काट्याकडं बघत उभा राहिलो आणि काळू हळूच म्हणाला, "सर, याची केसं बघा ना. लय हायेत. पावशेर तरी असतील."

कारभारीनं दोन्ही हात डोक्यावर ठेवले.

"चल," मी म्हणालो.

रामकुंड तिथून सायकलनं पाच मिनिटं. मी पुढं दांडीवर त्याला बसवला आणि दामटली. घाटावर न्हाव्यांची रांग असते आणि त्यांच्यापुढं माणसांची. बाहेरगावाहून अस्थी घेऊन आलेली माणसं. बाप किंवा आई गेली की मुलगा तिथं डोकं करतो, म्हणजे मुंडण. भिकामामा म्हणून एक म्हातारा वस्तरा चालवत होता. त्याच्यापुढं आठ जण. घड्याळात दोन पस्तीस.

"मामा, याचं लवकर करा, गडबड आहे."

"गडबड कसली? हितं दुःखाची माणसं बसल्यात. हौसेचं डोकं उद्या करू."

मी एक श्वास घेतला आणि म्हणालो, "याचे वडील गेले."

रांगेतल्या माणसांनी सरकून जागा दिली. कारभारीनं वळून माझ्याकडं बघितलं. तसं त्यानं माझ्याकडं कधी बघितलं नव्हतं. मी त्याला खांद्याला धरून खाली बसवला. खरं सांगायचं तर त्या क्षणी मला काहीच वाटलं नाही. आम्ही बौद्ध. छप्पन सालापासून आमच्या घरात मुंडण नाही, पिंड नाही. माझे वडील गेले तेव्हा मी केस काढले नव्हते. माझ्या लेखी केस म्हणजे दीडशे ग्रॅम.

भिकामामानं डोक्यावर गंगेचं पाणी शिंपडलं. "वय काय होतं वडलांचं?"

"पन्नास," कारभारीऐवजी मीच म्हणालो.

"लवकर गेले," भिकामामा म्हणाला आणि फार हलक्या हातानं वस्तरा चालवू लागला. काळेभोर केस पायरीवर पडत होते. कारभारीच्या डोळ्यांतून पाणी येत होतं. मला वाटलं, केसांसाठी.

दोन बावन्नला पंचांनी दांडीवरचं वजन सरकवलं. दांडी हलली, डुलली आणि आडवी झाली. चौऱ्याहत्तर किलो नऊशे सत्तर. काळूनं मला उचललं. चिमाजी आहेरांनी वहीवर सही केली आणि कारभारीच्या डोक्याकडं बघून शेंगा बाजूला ठेवल्या.

रामकुंडावर सांगितलेली गोष्ट गावात पोचायला दवंडी लागत नाही. घाटावर त्या रांगेत गोदातीरचा एक कारकून होता, हे मला नंतर कळलं. साडेतीनला मैदान भरलं. दोन हजार माणूस असेल. झाडांवर पोरं, भिंतीवर पोरं. ढोल वाजत होता. आणि आमच्या बाजूला प्राचार्य गर्गे आले. ते कधी सामन्याला आले नव्हते. त्यांनी कारभारीच्या खांद्यावर हात ठेवला, मग मला बाजूला नेलं. त्यांचे डोळे ओले होते.

"पगारे, मला समजलं. सकाळी वडील जातात आणि दुपारी मुलगा कॉलेजसाठी उभा राहतो. मी आयुष्यात असं पाहिलं नाही. मी शब्द देतो, आज हरलात तरी मैदान राहील."

तिथंच बोलायला हवं होतं. मैदान वाचलं होतं. काहीही न करता, एका वाक्यात वाचलं होतं. मी म्हणालो, "हो सर."

मग कर्णा खरखरला. गोदातीरच्या कुणीतरी जाहीर केलं, खेळाडू कारभारी गांगुर्डे यांना पितृशोक झाला आहे, सर्वांनी दोन मिनिटं उभं राहावं. ढोल थांबला. दोन हजार माणूस उभं राहिलं. टोप्या उतरल्या. झाडावरची पोरंसुद्धा गप्प झाली. मी मान खाली घातली आणि डोळ्यांच्या कोपऱ्यातून मला दिसलं.

फाटकापाशी गर्दीच्या कडेला गोटीराम उभे होते. आत्ताच येऊन पोचलेले. हातात पिशवी, काखेत टोपी, डोळे मिटलेले. कोण गेलं ते त्यांना ऐकू आलं नव्हतं, पण सगळे उभे म्हणून तेही मनापासून उभे होते. स्वतःच्याच शोकाला.

कारभारीनंही त्यांना बघितलं. त्याचं तोंड उघडलं. मी त्याचा दंड घट्ट धरला.

दोन मिनिटं संपली तसा मी गर्दीतून घुसलो. पण त्याआधी गोटीरामांनी डोळे उघडले होते आणि त्यांना मुलाचं डोकं दिसलं होतं. मी पोचलो तेव्हा त्यांच्या हातातली पिशवी खाली पडली होती आणि त्यातले पेढे मातीत आले होते. चेहरा राखेसारखा.

"सर," ते म्हणाले, "म्या सकाळी निघालो तवा ती चांगली हुती. चुलीपाशी बसली हुती. रंगू... कवा झालं? तुमाला तार आली का?"

मला आधी कळलंच नाही. मग कळलं. मुलाचं डोकं केलेलं, आणि बाप तर जिवंत. म्हणजे आई गेली. त्यांच्या हिशेबात दुसरा अर्थच नव्हता.

"नाही, नाही दादा. रंगूबाई ठीक आहेत. घरी सगळे ठीक आहेत. शपथ घेऊन सांगतो." मी त्यांचे दोन्ही हात धरले. मग मी सगळं सांगितलं. काटा, आठशे ग्रॅम, घाट, आणि मी काय बोललो ते.

ते म्हणाले, "पंच्याहत्तर आठशे?"

"हो."

"आन म्या चौऱ्याहत्तर आठशे पुकारलं." त्यांनी कपाळावर हात मारला. "बारदान, सर. बारदान वजा केलं म्या."

"म्हणजे काय?" मी विचारलं.

"कांदा पोत्यात असतो. रिकामं पोतं किलोभर भरतं. काट्यावर आकडा आला की किलो वजा करायचा आन मग पुकारायचा. तीस वर्सं झाली. तोंडच तसं वळतं. पोरगं उघडं बसलंय, त्याला पोतं नाय, हे काय ध्यानात आलं नाय." ते खाली वाकून पेढे गोळा करू लागले. "चूक माझी हाय. तुमची नाय."

तेव्हाच मी माझ्या आयुष्यातली सगळ्यात हलकी गोष्ट केली. मी त्यांना मैदानाचं सांगितलं, गर्ग्यांच्या शब्दाचं सांगितलं, आणि मग विचारलं, "दादा, तासभर त्या चिंचेच्या मागं बसता का? कुणी बघायला नको. सामना झाला की मीच घ्यायला येतो."

"म्हंजी मेलेलाच ऱ्हाऊ?"

मी परत चिंचेकडं बोट केलं.

"ऱ्हातो की," ते म्हणाले. रागानं नाही. "एवढी माती चाळली तुमी पोरांनी, तासाभराचं काय घिऊन बसला." त्यांनी टोपी डोळ्यांवर ओढली, पिशवी उचलली आणि चिंचेकडं चालू लागले. तीन तास एसटीत उभं राहून पोराचा पहिला खेळ बघायला आलेला माणूस झाडाच्या मागं लपायला निघाला होता, आणि तेही मला मदत म्हणून.

माझे वडील एकाहत्तर साली गेले. मी तेव्हा जळगावला सामन्याला होतो. त्यांनी माझा एकही खेळ पाहिला नाही, कारण कामावरून सुट्टी मिळायची नाही. गोटीरामांची पाठ बघताना मला ते एकदम आठवलं. सायकल स्टँड झाला तर झाला, असं मला वाटलं. नाही, तसं वाटलं नाही. मैदान मला हवंच होतं. तरी मी पळत गेलो आणि त्यांचा हात धरला.

"चला."

त्यांना घेऊन मी थेट गर्ग्यांपुढं उभा राहिलो. "सर, हे कारभारीचे वडील. घाटावर मी खोटं बोललो. तुमच्याशीही."

गर्ग्यांनी गोटीरामांकडं बघितलं. गोटीरामांनी रामराम केला. गर्ग्यांच्या कानाच्या पाळ्या लाल झाल्या, पण आवाज चढला नाही. "मी दोन मिनिटं उभा होतो, पगारे."

"म्या बी हुतो," गोटीराम म्हणाले.

"शब्द परत घेतो," गर्गे मला म्हणाले. "ढाल आणा. नाहीतर उद्या खडी."

चिमाजी आहेर जवळच होते. त्यांनी सगळं ऐकलं आणि न विचारता कर्णा हातात घेतला. "मंडळी, ज्यांच्यासाठी आपण उभे राहिलो ते गोटीराम गांगुर्डे ठणठणीत शेत आणि सामन्याला आलेत. त्यांना पुढं बसाले जागा द्या." क्षणभर कुणाला कळेना. मग असा हशा उसळला की झाडावरचे कावळे उडाले. कुणीतरी गोटीरामांना खुर्ची दिली. ते खुर्चीवर उभे राहिले, चारी दिशांना हात जोडले, आणि कारभारी, जो तासाभरात एक शब्द बोलला नव्हता, तो हसला. टकलावर ऊन चमकत होतं.

पहिल्या डावात आमचे हालहाल झाले. कारभारीच्या अंगात पाणीच नव्हतं. मी आता त्याला लिंबू-साखर पाजत होतो, पण ते काय लगेच भिनतं? वाल्मीक यायचा, पाय टाकायचा, स्पर्श करून निघून जायचा. दोनदा कारभारीनं त्याचा पाय धरला आणि दोनदा तो झटका देऊन सुटला. गोदातीरची पोरं ओरडायची, "कोण गेलं रे?" आणि गोटीराम खुर्चीतून शांतपणे म्हणायचे, "म्या नाय." डाव संपला तेव्हा ते चौदा, आम्ही आठ.

मधल्या पाच मिनिटांत मी इतका ओरडलो की आवाज बसला. बरंच झालं. कारण मी गप्प झालो तेव्हा गोटीराम रेषेपाशी आले आणि मुलाजवळ उकिडवे बसले.

"पाय बघून धरू नगं," ते म्हणाले. "वजन बघ. त्यो उंच पोरगा डावा पाय पुढं टाकतो तवा वजन मागल्या पायावर असतंय. पुढला पाय रिकामं पोतं. धरलं तरी हिसडून नेतो. माघारी वळताना सम्दं वजन डाव्यावर येतंय. तवा धर. भरलेलं पोतं हिसडत नाय."

चार वर्षं मी वाल्मीकचा खेळ बघत होतो. वहीत त्याच्या पायांची चित्रं काढली होती. मला हे दिसलं नव्हतं.

दुसरा डाव. काळूनं पहिल्याच चढाईत दोघांना स्पर्श केला. वाल्मीक आला, वळला, आणि कारभारीनं वळणावर डावा घोटा धरला. तो हललाच नाही. खुर्चीतून खळ्यावरचा आवाज आला, "लाभ." माणसं त्या आवाजाकडं वळून बघायला लागली. पुढची पकड, "दोन." काळूची चढाई, "तीन." आमची पोरंही बरोबर पुकारू लागली. मग आम्ही त्यांच्यावर लोण चढवला, सगळेच्या सगळे बाद, आणि ढोलवाला, जो गोदातीरनंच आणला होता, तो आमच्यासाठी वाजवायला लागला.

शेवटचं मिनिट. तेवीस-बावीस, ते पुढं. काळू गेला. त्याला तिघांनी घेरलं, आणि तो दोघांमधून असा निसटला की मला त्याच्या हरसूलच्या डोंगरातल्या पायवाटा दिसल्या. मधल्या रेषेला हात. तेवीस-तेवीस. पंचांनी घड्याळ बघून बोट वर केलं. शेवटची चढाई. वाल्मीक.

आमचे तिघेच उरले होते. वाल्मीक मूर्ख नव्हता. त्यानं ओळखलं होतं की कारभारी वळणावर धरतो. तो वळलाच नाही. तोंड आमच्याकडं ठेवून मागं मागं सरकू लागला, दम घुमवत, हात हवेत. मी रेषेवर गुडघ्यांवर बसलो होतो. गोटीराम खुर्चीवर उभे होते आणि पहिल्यांदाच त्यांनी काही पुकारलं नाही. वाल्मीकनं मागं एक पाऊल टाकलं, मग दुसरं, आणि मधल्या रेषेकडं उडी घ्यायला डाव्या पायावर दबला. फक्त एक क्षण. पोतं भरलं.

कारभारी जमिनीला समांतर गेला. दोन्ही हात त्या घोट्यावर. वाल्मीक पडला, हात लांब केला. बोटं आणि मधली रेषा यात चार बोटांचं अंतर. तो ओढत होता, दम घुमत होता, कारभारीचं टक्कल मातीत घासत होतं, काळू वाल्मीकच्या कमरेवर पडला होता. दम बारीक झाला. तुटला. पंचांची शिट्टी.

मला पुढचं नीट आठवत नाही. मी पंचांना मिठी मारली असं सांगतात. आहेरांनी स्वतः ढाल आणून माझ्या हातात दिली आणि म्हणाले, "ने. भिंतीवर तिचा डाग पडला होता." वाल्मीक कारभारीच्या डोक्यावरून हात फिरवत हसत होता. गर्गे आले, त्यांनी कोटाच्या खिशातून घडी केलेला नकाशा काढला, माझ्यासमोर चार तुकडे केले आणि ते परत खिशात ठेवले, कारण मैदानावर कागद टाकणं त्यांना पटत नसे.

मैदान वाचलं. पुलावरून येताना मुलांनी ढाल आलटून पालटून डोक्यावर घेतली. गोटीराम आणि कारभारी मागून चालत होते. मीही त्यांच्याबरोबर. पूल संपला तसे गोटीराम थांबले. त्यांनी आपली टोपी काढून मुलाच्या डोक्यावर बसवली, नीट ओढून कानापर्यंत आणली आणि दोन पावलं मागं होऊन बघितलं.

"नाय झाकत," ते म्हणाले. "कारभारी, सोमवारची सुट्टी काढ. सहाच्या गाडीनं घरी चल."

"कशाला, आप्पा?"

"दोन दिसांनी कुणाच्या तरी तोंडून तुझ्या आईला कळंल, पोरानं रामकुंडावर डोकं केलं म्हनून. त्यापरीस आपुनच जाऊ. आन हे बघ, फाटकातनं आधी म्या शिरतो. तिनं मला बघितलं, की मग तू ये. तू आधी दिसलास तर तिथंच बसंल ती."

कारभारीनं मान हलवली. मग त्यानं माझ्याकडं बघितलं. दुपारी घाटावर बघितलं होतं तसं नव्हे, पण विसरलाही नव्हता.

"सर, तुम्ही?"

मी खिशात एसटीपुरते पैसे आहेत का चाचपून बघितलं. होते.

"मी येतो," मी म्हणालो. "मी सगळ्यात मागं राहीन."